तांदळाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

"सर, किती लांबनं बोलू?" भामानं विचारलं.

ती तांदळाच्या पोत्यावर मांडी घालून बसली होती आणि मी तिच्यासमोर खाली फरशीवर, लॅपटॉप मांडीवर घेऊन. पिंपळमाळच्या आमच्या शाळेला दोन वर्गखोल्या, एक व्हरांडा आणि पोषण आहाराचं धान्य ठेवायची एक खोली. रेकॉर्डिंगसाठी मी ही धान्याची खोली निवडली होती. चारी बाजूंनी पोती असली की आवाज घुमत नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं. त्या दिवसांत मी असलं बरंच काही वाचत होतो.

"लांबून कशाला? इथंच बस. आणि ओरडू नकोस, इथं मेंढरं नाहीत."

"मग हळू बोलू?"

"हळू पण नको. एरवी बोलतेस तसं बोल."

"म्या एरवी वरडतीच की."

ते मात्र खरं होतं. तिच्या घरची, मासाळांची मेंढरं शाळेमागच्या माळावर चरायची, आणि सुट्टीच्या दिवशी भामा तिथून हाक द्यायची, ती गावाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू यायची. शाळेत तिनं हजेरीला "हजर" म्हटलं की पहिलीची दोन-चार पोरं दचकून उभी राहायची. आवाज जाडाभरडा, थोडा घोगरा, आणि शेवटाला वर चढणारा. चौथीच्या वर्गात ती अभ्यासात मागं होती, कारण मेंढरांमागं चार-चार महिने घर बाहेर असायचं. पण तिनं तोंड उघडलं की कंटाळलेला वर्ग ताजा व्हायचा.

मी तिच्या हातात कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, 'उत्तर चुकले. पुन्हा प्रयत्न करा.'

तिनं ते प्रार्थनेसारखं म्हटलं. मी म्हटलं, परत. तिनं परत म्हटलं, यावेळी हात जोडून. तिसऱ्या वेळी पत्र्यावर कबुतरं उतरली आणि त्यांच्या नखांचा खरखराट रेकॉर्डिंगमध्ये आला. मी वैतागून माईक खाली ठेवला.

"सर," ती कागद उलटसुलट करत म्हणाली, "आसं कोण बोलतंय?"

"मग कसं बोलतात?"

"आता ओंक्याचं गणित चुकलं, तर म्या आसं म्हणंल..." आणि तिनं छाती भरून श्वास घेतला. "हात्तिच्या! चुकलं की रं! जा, परत ये!"

मी इतका हसलो की लॅपटॉप मांडीवरून घसरला. नशीब, रेकॉर्डिंग चालू होतं. साडेतीन सेकंद. असा आवाज मी हजार रुपये तास देऊन कुठल्या स्टुडिओत केला असता तरी मिळाला नसता.

"बरं झालं का, सर?"

"बरं? अगं, एक नंबर! आता हा आवाज कॉम्प्युटरात कायमचा बसला."

"कायमचा?" तिचे डोळे मोठे झाले. "म्या मोठी झाल्यावर पन?"

"म्हातारी झाल्यावर पण."

ती पोत्यावरून उडी मारून पळाली आणि व्हरांड्यात जाऊन तिनं ही बातमी सगळ्या शाळेला सांगितली. माईकची गरजच नव्हती.

मी तेव्हा पस्तिशीचा होतो आणि तालुक्यात माझं नाव होऊ लागलं होतं. तंत्रस्नेही शिक्षक म्हणून. लोकवर्गणीतून शाळेला प्रोजेक्टर मिळाला होता, पांढऱ्या रंगानं रंगवलेल्या भिंतीवर मी त्याचा पडदा केला होता. बाकीचे शिक्षक भिंतीवर नुसतीच चित्रं दाखवायचे. माझं तसं नव्हतं. माझ्या स्लाइडवर प्रश्न यायचा, खाली तीन उत्तरं, आणि मुलानं स्वतः पुढं येऊन माऊसनं उत्तर निवडायचं. बरोबर आलं तर टाळ्यांचा कडकडाट आणि एका मुलीचा गोड आवाज, "अगदी बरोबर! शाब्बास!" तो आवाज माझ्या मुलीचा, मुक्ताचा. ती तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत होती. तिचं रेकॉर्डिंग मी घरीच, गाद्यांच्या ढिगामागं बसवून केलं होतं.

अडचण चुकीच्या उत्तराची होती. आधी मी तिथं भोंगा ठेवला होता. तो वाजला की दुसरीतली एक मुलगी चक्क रडायची आणि माऊसला हातच लावायची नाही. मला चुकण्याची भीती घालवायची होती. चुकलं तरी पोरांनी हसावं आणि परत यावं. भामाच्या आवाजानं ते साधलं. वर मी एक हलणारं चित्रही टाकलं. मान नकारार्थी हलवणारं एक मेंढरू. भामाची मेंढरं, भामाचा आवाज. तिला आवडेल असं मला वाटलं. हे मी अगदी खरं सांगतो आहे, मला वाटलं होतं तिला आवडेल.

पहिल्या दिवशी वर्ग डोक्यावर घेतला पोरांनी. उत्तर येत असूनही मुद्दाम चुकत होती, मेंढरू बघायला आणि आवाज ऐकायला. भामा पहिल्या ओळीत बसून प्रत्येक वेळी ओठ हलवत होती. "त्यो म्या हाय," ती शेजारणीला सांगत होती, जणू शेजारणीला माहीतच नव्हतं.

मुख्याध्यापिका शेडगेबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि माऊसला त्या अजून 'ते' म्हणायच्या. मधल्या सुट्टीत त्या म्हणाल्या, "फडतरे, छान आहे. पण चुकीला माणसाचा आवाज ठेवू नका."

"का हो बाई? मुलं बघा किती खूश आहेत."

"आज आहेत. तुम्ही घंटा ठेवा, पिपाणी ठेवा, काहीही ठेवा. घंटा संध्याकाळी कुणाच्या घरी जात नाही. ही पोरगी जाते."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाईंना नवीन काही झेपत नाही.

जानेवारी उजाडला तसं मला थोडं थोडं दिसू लागलं. दिसलं म्हणजे डोळ्यांसमोरून गेलं. खो-खोत कुणी बाद झालं की सगळे एका सुरात ओरडायचे, "चुकलं की रं!" भामानं वर्गात काहीही म्हटलं, पाणी प्यायला जाऊ का म्हटलं, तरी ओंकार मागून म्हणायचा, "जा, परत ये!" आणि वर्ग खिदळायचा. कुणी तिच्याशी भांडलं की मेंढरासारखी मान हलवून दाखवायचं. गणितात ज्याचं चुकायचं त्याला वाटायचं, भामानंच चुकीचं ठरवलं. दुसरीतल्या त्या रडणाऱ्या मुलीनं तर एकदा तिला चिमटा काढला. "तूच नेहमी चूक म्हणतीस," म्हणाली.

मी ओंकारला दोन दिवस मागं उभं केलं आणि माझं कर्तव्य झालं असं समजलो.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी मी खिचडीची चव घेत होतो तिथं भामा आली. तिच्या ताटातली खिचडी तशीच होती.

"सर, माझा आवाज काढा की त्यातनं."

"का गं? काय झालं?"

"काढा की."

"कोण काय बोललं का? ओंकार?"

"न्हाई." ती ताटाकडं बघत होती. "काढा की, सर."

मला कळलं होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण फेब्रुवारीच्या वीस तारखेला शिक्षकांच्या जिल्हा पातळीवरच्या सादरीकरण स्पर्धेचे परीक्षक शाळेत येणार होते. माझं सादरीकरण तालुक्यातून निवडलं गेलं होतं, आणि आमच्या केंद्रप्रमुखांनी ते बघून मला पाठीत धपाटा घातला होता. "फडतरे, बाकी सगळं इतरांकडंही आहे. ते मेंढरू आणि तो आवाज, त्यातच खरी मजा आहे. त्याला हात लावू नका."

"भामा," मी आवाज मऊ करून म्हटलं, "आपली स्पर्धा आहे ना? ती होऊ दे. शाळेचं नाव होईल, तुझं पण होईल. मग लगेच काढतो."

"नक्की?"

"नक्की."

"मुक्ताताईची शपथ?"

मुक्ताला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. आवाजावरून ओळखत होती फक्त. मी म्हटलं, "शपथ." आणि खिचडीत मीठ कमी आहे म्हणून स्वयंपाकाच्या मावशींना सांगायला वळलो.

वीस तारखेला परीक्षक आले. तिघंजण. त्यांतल्या एक मॅडम फार चांगल्या होत्या, मुलांशी खाली बसून बोलणाऱ्या. मी ठरवून ठेवलं होतं कोण पुढं येणार ते. ओंकार, स्नेहल, मग सरपंचांचा पुतण्या. तिघंही नीट आले, एकानं सांगितल्याप्रमाणे एकदा मुद्दाम चुकून दाखवलं, मेंढरानं मान हलवली, भामाचा आवाज घुमला आणि परीक्षक खदखदून हसले. सगळं जमून आलं होतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सर, आता मी एकीला बोलावते हं. ती खिडकीजवळची, मागची. ये बाळ."

खिडकीजवळ भामा होती. पहिल्या ओळीतून ती तिथं कधी गेली, मला आठवत नाही. कुणी तिला तिथं बसवलं नव्हतं.

ती आली. भिंतीवर प्रश्न होता, 'एक डझन म्हणजे १२ केळी. तर पाव डझन म्हणजे किती?' खाली तीन, चार, सहा.

हा प्रश्न तिला येत होता. पाव म्हणजे काय हे मी तिला मेंढरांवरूनच शिकवलं होतं. बारा मेंढरं, चार वाड्यांत सारखी घालायची, तर एका वाड्यात किती. तिनं खाली वाकून माऊस धरला. भिंतीवरचा बाण माशीसारखा फिरत होता. तो तीनवर आला. तीनवर थांबला. मी पाहिलं. मग तिनं बटण दाबलं आणि दाबता दाबता बाण चारवर सरकला.

"हात्तिच्या! चुकलं की रं! जा, परत ये!"

वर्गात हशा फुटला. पोरं बाकं बडवू लागली. परीक्षकही हसत होते, त्यांना काय माहीत. आणि मी, ज्यानं म्हणायला हवं होतं की थांबा, तिला येतं, बाण घसरला, तो मी पुढं झालो आणि म्हणालो, "मॅडम, गंमत म्हणजे हा आवाज हिचाच आहे."

"काय सांगता! हिचा?" मॅडमनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई, म्हणजे स्वतःच स्वतःला सांगते!"

मग तर सगळेच हसले. मीही हसलो. मोठ्यानं हसलो. भामानंही ओठ ताणले, मॅडमनी तिच्या गालाला हात लावला, आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली. तिला परत कुणी बोलावलं नाही. 'परत ये' असं तिचाच आवाज सांगत होता, पण ती परत आली नाही आणि आम्ही पुढच्या स्लाइडवर गेलो.

संध्याकाळी कुलूप लावताना शेडगेबाई म्हणाल्या, "तुम्ही हसलात, फडतरे."

"सगळेच हसत होते, बाई."

"सगळ्यांचं सोडा," त्या म्हणाल्या आणि चप्पल घालून चालू लागल्या.

मार्चमध्ये निकाल लागला. पहिला क्रमांक. हार, शाल, फोटो. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि त्यांत 'मेंढपाळ मुलीच्या अस्सल बोलीचा कल्पक वापर' असंही छापलं होतं. ते कात्रण मी वर्गात वाचून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. भामा त्या दिवशी आली नव्हती. मासाळांची मेंढरं खाली पाण्याकडं गेली होती.

मग मागण्या सुरू झाल्या. याला पेन ड्राइव्हवर पाहिजे, त्याला मेलवर. शिक्षकांच्या ग्रुपवर टाका म्हणाले, टाकलं. तिथून दुसऱ्या तालुक्यात गेलं. मी प्रत्येकाला मोठ्या मनानं देत होतो. नावही कुठं घातलं नाही, म्हटलं ज्ञान सगळ्यांचं. आणि तिला दिलेला शब्द? तो मी मोडला असं म्हणता येणार नाही. मी तो विसरून गेलो. दोन्हींत वाईट कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमची शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये भामा पाचवीला खालच्या गावच्या शाळेत गेली. मला बरं वाटलं. नवी शाळा, नवी पोरं, तिथं तिला कोण ओळखतं.

ऑगस्टमध्ये, झेंडावंदनानंतर दोन-तीन दिवसांनी, तिची आई शाळेत आली. डोक्यावरचा पदर सारखा करत ती व्हरांड्याच्या पायरीवरच बसली. खुर्ची दिली तर नको म्हणाली.

"गुरुजी, पोरगी बोलंना झालीया."

"म्हणजे?"

"तोंडातनं शबूद काढत न्हाई. घरात बी हूं न्हाई का चूं न्हाई. मेंढरं वळवायला आदी हाळी घालायची, आता दगुड फेकती. परवा एका कोकराच्या डोळ्यावर बसला. तिच्या बानं मारली तिला, तरी वरडली न्हाई." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्या म्हनलं, काय बाहेरचं असंल. देवरुशाकडं न्हेली. मग तिच्या मावसबहिणीनं सांगितलं. खालच्या शाळंत बी त्येच लावत्यात म्हनं, भितीवर. हिचा आवाज. पोरांनी वळखलं पयल्याच दिशी."

मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही.

"तिनं तुमास्नी सांगितलं हुतं म्हनं, काढा म्हनून."

"हो."

"मग?"

ती भांडायला आली असती तर सोपं झालं असतं. ती खरंच विचारत होती.

मग ती म्हणाली, "आनि बरूबर आल्यावर त्यो दुसरा आवाज हाय म्हनं. लई गोड. त्यो कुणाचा?"

"माझ्या मुलीचा."

"व्हय," ती म्हणाली. एवढंच. पदर परत सारखा केला.

त्या एका 'व्हय'नं मला जे कळलं ते मला कुणी आठ महिन्यांत समजावू शकलं नव्हतं. चुकीला मुक्ताचा आवाज लावावा, असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. बरोबरचा आवाज कुणाचा आणि चुकीचा कुणाचा, हे मी विचार न करताच वाटून टाकलं होतं. मी स्वतःला फार पुढारलेला समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मी खालच्या शाळेत गेलो. गुरुजींना सांगितलं, ते काढून टाका. ते बिचारे चांगले, लगेच काढलं. मग म्हणाले, "पण सर, मी हे वरच्या केंद्रातल्या शाळांकडून घेतलं. तुमचं आहे हे माहीतच नव्हतं. तिकडं दहा-बारा शाळांत आहे." व्हरांड्यातून पाचवीचा वर्ग दिसत होता. भामा भिंतीकडं तोंड करून पाटी पुसत होती. मी हाक मारली नाही.

त्या रात्री मी ग्रुपवर मोठा संदेश लिहिला. कृपया जुनी प्रत वापरू नये, लवकरच सुधारित प्रत पाठवत आहे. खाली अंगठे आले, हात जोडलेले आले. एकानं विचारलं, "सर, मेंढरू ठेवणार ना?"

सुधारित प्रतीची माझी योजना तयार होती. चुकीला नुसती घंटा. आणि बरोबर उत्तराला भामाचा आवाज. तिच्याच बोलीत, तिला हवं ते. मग ज्या ज्या शाळेत ती चूक सांगत होती, त्या त्या शाळेत ती शाब्बास म्हणेल. एकदा मनात आलं की मी लगेच हुरळून जातो, तसा मी याच्यावरही हुरळून गेलो. आवाजानं झालेलं आवाजानंच भरून निघेल असं मला वाटलं.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर माझ्या निरोपावरून तिची आई तिला घेऊन आली. आई बाहेर पायरीवर बसली, शेडगेबाई तिच्याजवळ. मी भामाला धान्याच्या खोलीत नेलं. ती पोत्यावर बसली, आता मांडी घालून नाही, पाय खाली सोडून. आठ महिन्यांत उंच झाली होती.

"भामा, माझं चुकलं," मी म्हटलं. "तू सांगितलं तेव्हाच काढायला हवं होतं."

ती पोत्याची सुतळी ओढत बसली.

"त्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं. पाव डझन म्हणजे तीन. बाण तीनवर होता, मी बघितला होता."

तिनं चटकन वर पाहिलं. आजवर एवढ्या गोष्टी मी तिला शिकवल्या असतील, पण असं तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, झालं, आता बोलेल.

"आता आपण बरोबरचा आवाज करू. तुझ्या मनानं म्हण. 'आरं वा' म्हण, 'भले शाब्बास' म्हण, काहीही. पोरांचं उत्तर बरोबर आलंय, असं समज." मी बटण दाबलं आणि माईक तिच्यापुढं धरला.

तिनं छाती भरून श्वास घेतला, अगदी डिसेंबरातल्यासारखा. तोंड उघडलं. गळ्याची शीर वर आली. तिला म्हणायचं होतं, मी शपथेवर सांगतो, पण माझ्या शपथेला आता काय अर्थ. ओठ हलले आणि आवाज आला नाही. पत्र्यावर कबुतरं उतरली. मी वाट बघितली. ती माईककडं बघत होती, जसं एखादं मूल चावलेल्या कुत्र्याकडं बघतं.

मग मी बोललो. मला धीर द्यायचा होता.

ती पोत्यावरून उतरली, दाराशी गेली, कडी काढून बाहेर आईपाशी जाऊन उभी राहिली. आई उठली. दोघी माळाच्या वाटेनं निघाल्या. पुढं त्यांची मेंढरं होती, एक शेळी बाजूला गेली तशी भामानं वाकून दगड उचलला. शेडगेबाईंनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

दिवाळीनंतर मासाळ कुटुंब मेंढरं घेऊन खाली गेलं ते परत आमच्या भागात आलं नाही. तिनं शाळा सोडली असं कळलं. पुढं ती बोलली की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हेच खरं. आता ती एकोणीस-वीस वर्षांची असेल. बोलत असेल. मुलं कितीतरी गोष्टी विसरतात, असं मी स्वतःला सांगतो.

मी नंतर बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात आलो. गेल्या वर्षी एका प्रशिक्षणात साठ शिक्षक बसलो होतो. एक तरुण शिक्षिका पुढं येऊन म्हणाली, आमच्या शाळेत मुलांना हे फार आवडतं, कुणी बनवलंय माहीत नाही, पण फार कल्पक आहे. भिंतीवर रंग उडालेलं मेंढरू आलं, मान हलवू लागलं, आणि सभागृहात दहा वर्षांची भामा छाती भरून ओरडली. सगळे हसले. शेजारच्यानं मला कोपर मारलं, "अस्सल आहे ना?" मी त्या शिक्षिकेला जेवणाच्या सुट्टीत गाठून सगळं सांगितलं. तिनं मान खाली घालून ऐकलं आणि माझ्यासमोर ती फाइल पुसली. एक कमी झाली.

घरी आल्यावर मी जुना लॅपटॉप काढला. त्या शनिवारचं रेकॉर्डिंग त्यात अजून आहे. एकोणीस सेकंदांचं. आधी एक दीर्घ श्वास ऐकू येतो. मग बराच वेळ पत्र्यावर कबुतरांच्या नखांचा खरखराट. आणि मग एका माणसाचा, समजूत घालणारा, मऊ केलेला आवाज.

"बोल गं, भामा. चुकलं तरी चालंल."

त्यानंतर दाराची कडी वाजते.